कॅक्टसच्या कुंडीचे पाच डाग

फेब्रुवारीच्या शेवटी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली आणि गडचांदूरच्या घरात मी आणि तिचा कॅक्टस असे दोघेच उरलो. मी नुकताच निवृत्त झालो होतो. गॅस, दूध, कुलूप यांबद्दल तिने दिलेल्या सगळ्या सूचनांना मी हूं हूं केलं. बसमध्ये चढता चढता ती म्हणाली, "अन् त्या झाडाले उजेड लागते बरं. तुमच्याच्यानं होईन ना?"

मला रागच आला. सिमेंटच्या प्रयोगशाळेत अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला हा प्रश्न!

"आपल्या इकडं उजेडाची काय कमी आहे?" मी म्हटलं.

कॅक्टस अकरा वर्षांपूर्वीचा. मुलगी शिकायला नागपूरच्या होस्टेलला गेली, तेव्हा तिला सोडून परत येताना बायकोने तो चंद्रपूरच्या बसस्टँडबाहेर घेतला. तेव्हा लिंबाएवढा होता. "लोक फुलझाडं नेतात, तू काटे घेऊन चालली," म्हणून मी तिला गावापर्यंत चिडवलं होतं. तिने कुंडी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. आता तो चांगला मोसंबीहून मोठा झाला होता. घरातलं बाकी सगळं आमचं होतं. हा तेवढा फक्त तिचा.

आमच्याकडे उन्हाळ्यात घर थंड ठेवायचं म्हणजे आधी अंधार करायचा. दहा वाजले की खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि हॉलच्या खिडकीत कूलर. अशा घरात झाडाला कसला उजेड मिळणार? शिवाय कॅक्टस वाळवंटातला. निघताना तिने हॉलमध्ये आणून ठेवलेली कुंडी मी सरळ वर उघड्या स्लॅबवर नेऊन ठेवली आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात वर्तमानपत्र वाचत बसलो.

आठवड्याने पाहिलं तर एक बाजू पांढरट पिवळी पडलेली. पाणी कमी पडलं असेल म्हणून पाणी घातलं. आणखी चार दिवसांनी तो डाग तपकिरी झाला आणि हाताला खरखरीत लागू लागला. फोनवर बायकोने विचारलं, "झाड कसं आहे?"

"मजेत आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कुंडी पिशवीत घालून मोटरसायकलवरून राजुऱ्याच्या नर्सरीत गेलो. तिथल्या माणसाने कुंडी गोल फिरवून पाहिली. "भाऊ, हे भाजलं ना! सावलीतलं झाड एकदम उन्हात काऊन ठेवलं?"

"कॅक्टसला ऊन चालत नाही?"

"चालते. पण हळूहळू सवय लावा लागते. याले आता उजेड द्या, ऊन नका देऊ. भाजलेली जागा काही हिरवी होत नाई, पण वरून नवं येईन." मग त्याने सहज विचारलं, "आधी घरात कुठी ठेवत होते?"

मी आठवायला लागलो. अकरा वर्षं एका छपराखाली काढलेली कुंडी घरात कुठे असायची, ते मला सांगता येईना. मी खोटंच म्हणालो, "खिडकीत."

बायकोला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं. पण विचारलं की तिला कळणार. तिकडे तान्हं बाळ, रात्रीची जागरणं, त्यात हे कशाला? खरं कारण एवढं थोर नव्हतं. ‘होईन ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही झालं’ असं द्यायची मला लाज वाटत होती.

स्वयंपाकघरात ओटा पुसताना मला पहिला डाग सापडला. काळ्या कडप्प्यावर खिडकीजवळ एक पांढरं वर्तुळ. घासलं तरी निघेना. नखाने खरवडलं आणि लगेच ओळखलं. आमच्या गावात सिमेंटची धूळ बारा महिने घरात येते. तिच्यावर ओल्या कुंडीचं बूड रोज टेकत राहिलं की ती तिथेच पक्की होते. म्हणजे कुंडी इथे होती!

मग मी सगळं घर पालथं घातलं. दुसरा डाग शिलाई मशीनच्या पाटावर होता, तिसरा मागच्या पडवीत कपडे धुण्याच्या दगडाशी आणि चौथा स्लॅबवर जाणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. मला तर लहान मुलासारखा आनंद झाला. नोकरी सुटल्यापासून एवढं मन कशातच लागलं नव्हतं. वही काढली. प्रत्येक डागावर ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, ते दोन दिवस लिहिलं. ओट्यावर सकाळी नऊपर्यंत तिरपं ऊन. पडवीत हिरव्या जाळीतून गाळलेला उजेड. दुपारी मशीनच्या खिडकीला पडदा असला तरी वाचता येईल इतकं लख्ख. जिन्यावर संध्याकाळची भिंतीवरून आलेली उजळ सावली. म्हणजे बायकोने झाडाचं अख्खं वेळापत्रक बसवलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. तिच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. ते मी भिंतीला बोलूनही दाखवलं.

पाचवा डाग मात्र हिशेबात बसेना. तो पुढच्या दाराच्या आत, दारामागच्या कोपऱ्यात होता. तिथे भरदुपारीसुद्धा सुई सापडणार नाही. आणि डाग तर सगळ्यांत जाड. रस्ता जवळ, धूळ जास्त, म्हणून जाड असेल, असं मी लिहिलं. झाडाला तिथे का ठेवत असेल? बराच विचार करून वहीत ‘विश्रांती’ असा शब्द टाकला.

त्या वेळापत्रकाप्रमाणे मी कुंडी रोज फिरवत राहिलो. मे संपता संपता कॅक्टसच्या माथ्यावर पोपटी, मऊ काट्यांचा नवा गोल दिसला. मी घरात एकटाच हसलो.

जूनमध्ये बायको आली. हातपाय धुऊन आधी कुंडीकडेच गेली. "भाजलं वाटते," ती म्हणाली. मी सगळं कबूल केलं, स्लॅबपासून राजुऱ्यापर्यंत. तिने करपलेल्या जागेवरून अलगद बोट फिरवलं. "जगलं ना. बस झालं."

मग मी वही आणली आणि तिचंच वेळापत्रक तिला समजावून सांगायला लागलो. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अवो, मले उजेडाचं काय समजते? पोरगी गेली, घर खायाले उठत होतं. मी जिथी बसत होती तिथी त्याले घेऊन बसत होती. शिवताना मशीनवर, धुताना पडवीत."

"आणि दारामागे? तिथे तर उजेडच नाही."

"तिथून तुमच्या गाडीचा आवाज येते," ती म्हणाली. "सहा वाजले का जाऊन बसत होती."

मी वही मिटली. माझी सुटी साडेपाचला व्हायची. घर दहा मिनिटांवर होतं आणि मी घरी यायचो साडेसातला. कारखान्यात काम निघतं, असं सांगायचो. कितीतरी वर्षं.

"काम नसायचं," मी म्हणालो. "मी चौकात चहाच्या टपरीवर बसायचो."

"माहीत होतं मले," ती म्हणाली आणि कुंडी उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली.