कणकेत उमटलेली मूठ

कणीक भिजवताना तिचा ओला वास आला की मला उचगावच्या लोहाराची भट्टी आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. अर्धांगवायूने आईचा उजवा हात गेला आणि विळीवर बसणं संपलं. ती दिवसभर खाटेवरून स्वयंपाकघराकडे बघत बसे. उभ्याने चिरता येईल अशी सुरी करून घ्यायची, हे मी माझ्या कामांच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं. मुठीच्या मापासाठी लोहाराने कणकेच्या गोळ्यात आईची मूठ उमटवून आणायला सांगितली होती. मी आईच्या उजव्या मुठीचा गोळा घेऊन गेले तेव्हा तो दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये पोलादाची पट्टी घालून, लालभडक तापवून, ठोकून त्या एकजीव करत होता. हातोडा ठेवून त्याने गोळा निरखला. “बाई, बोटं रुतलीच न्हाईत की. ह्या हातात जोर न्हाय. डाव्याचं माप आणा.” “येईल जोर, डॉक्टर म्हणालेत,” मी म्हणाले. डॉक्टर तसं काहीच म्हणाले नव्हते. “येऊ दे की. तवर चुलीपासनं लांबच बसायचं व्हय त्यांनी?” घरी येऊन मी पुन्हा कणीक भिजवली, पण आईकडे डावा हात मागायला जीभ रेटेना. मागितला असता तर उजवा कायमचा गेला, हे मीच तिला सांगितल्यासारखं झालं असतं. आईने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मला ठाऊक होतं गं. तुझं मन मोडवेना,” ती म्हणाली आणि तिने डावी मूठ कणकेत खोल दाबली. त्या सुरीच्या बाभळीच्या मुठीवर तिच्या बोटांच्या खाचा अजून आहेत. उजव्या हातात ती सुरी नीट बसत नाही, म्हणून आई गेल्यावर मी डाव्या हाताने चिरायला शिकले.