व्हँकुव्हरमधली पाहण्यासारखी ठिकाणं

अमेरिकेला जाताना वाटेत व्हँकुव्हरला दोन दिवस थांबायचं आम्ही ठरवलं, ते केवळ माझा धाकटा भाऊ तिथे राहतो म्हणून. काल त्याने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली: समुद्राकाठची बाग, झुलता पूल, मासे कुठे खायचे, विमानतळाजवळचं हॉटेल. खाली लिहिलं होतं, ‘ताई, दोन दिवसांत आरामात होईल.’

लेकीने फोनवर नकाशा उघडला आणि विचारलं, “आई, यात मामाचं घर कुठंय?”

मी यादी पुन्हा वाचली. नव्हतं.

पाहुण्याला गाव दाखवणं सोपं. गाव काही कुणाच्या बापाचं नसतं. घर दाखवायचं तर दार उघडावं लागतं, चादरी बदलाव्या लागतात, कुकरमध्ये चार मुठी तांदूळ जास्त टाकावे लागतात. हा पुण्यात येतो तेव्हा महिनाभर आमच्याकडेच असतो. मी त्याला कधी पर्वतीचा पत्ता देऊन वाटेला लावलेलं नाही.

त्याच्यासाठी थालिपिठाची दोन किलो भाजणी दळून बॅगेत भरली होती.

“काढू का?” लेकीने विचारलं.

“राहू दे,” म्हटलं. “त्या हॉटेलच्या काउंटरवर त्याच्या नावाने ठेवू. त्यालाही जायला एक ठिकाण नको का?”