पुढचं पान

अनंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेरेखोलहून केरीला येणाऱ्या फेरीबोटीत होते. त्याच्या छातीत दुखतंय एवढंच सकाळी कळलं होतं, म्हणून माहेरी निघाले होते... बोट नदीच्या मध्यावर, आणि माझा धाकटा भाऊ संपलेला. घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. "सोन्यासारखो झील गेलो गे," म्हणून जे या घरच्या मुलासाठी गळा काढत होते, त्यांनीच दोन वर्षं त्याच्याकडे पाठ फिरवली होती. एकेकाला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं; अजूनही वाटतं.

अनंत पणजीच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. एका सरकारी कचेरीची वेबसाइट त्याच्याकडे होती. हजारो अर्ज एकदम पडद्यावर येत नाहीत, पानापानांनी येतात, आणि निकाली निघालेला अर्ज यादीतून जातो. कारकून आज पहिलं पान संपवायचा, उद्या दुसरं उघडायचा, परवा तिसरं. कागदांच्या गठ्ठ्यांची जुनी सवय. संपलेल्या गठ्ठ्याकडे वळून कोण बघतो? "मग बिघडलं कुठं?" मी विचारलं होतं. "बाय, पयली पंगत जेवून उठली की मागचे फुडे येवन बसतत. वाढपी मात्र 'दुसरी पंगत' म्हणान मागेच वाढूक जाता. फुडे बसलेले रवतत उपाशी," तो म्हणाला. पानांचे आकडेच नकोत, शेवटचा पाहिलेला अर्ज धरून त्याच्या पुढचे द्या, असं तो कंपनीतल्या साहेबांना सांगून थकला. "आकडे हवेतच, कचेरीला तेच आवडतात," हे साहेबांचं उत्तर. पुढे अर्ज राहिल्याची ओरड झाली, तेव्हा हेच साहेब म्हणाले, "काम अनंतचं होतं." चोर सोडून संन्याशाला फाशी! अनंतची नोकरी गेली, आणि गावातलं नावही.

त्या वर्षी चवथीला आरत्यांची मंडळी घरोघर फिरत आली आणि आमच्या दारावरून सरळ पुढच्या घरी गेली. अनंत झांजा घेऊन ओसरीवर उभा होता... "म्हणतत, मी लोकांचे अर्ज गिळले," एवढंच बोलला. त्यानंतर तो मोकळेपणी हसलेला मला आठवत नाही. डॉक्टर हृदयविकार म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या आठवड्यात भावजयीबरोबर त्याच कचेरीत गेले. तिनं अनंतच्या वारसाच्या दाखल्यासाठी केलेल्या अर्जाचा पत्ताच नव्हता. कारकून पुढची पुढची पानं उघडत होता. "पहिलं पान बघा," मी म्हटलं. "पयलां पान कधीच झालां, बाय." "तरी बघा." त्यानं नाइलाजानं उघडलं. अनंतचं नाव तिथंच होतं, आणि त्याच्या वर-खाली किती जणांची... पेडण्यातली, डिचोलीतली, महिनोन्महिने ताटकळलेली. माझा भाऊ खरं बोलत होता, हे तिथं पडद्यावर लख्ख दिसत होतं, आणि बघायला आम्ही दोघीच. कारकुनानं आमचा अर्ज निकाली काढला. मग बाकीच्या नावांकडे न बघता, सवयीनं, पुढच्या पानावर गेला.