भिका तुकारामचं मत

हजेरीनाना नावं पुकारताना कधी मान वर करायचे नाहीत. गिरणीच्या युनियनचं सभासदांचं रजिस्टर त्यांच्याकडे असे. सभेचं मैदान कितीही गच्च भरलेलं असो, नाना खाली बघून नाव घ्यायचे आणि समोरून "शे" असा आवाज आला की पेन्सिलीने खूण करायचे. शे म्हणजे आहे. आमच्या खानदेशात हजेरी अशीच देतात. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बहुतेकांचे कान जातात, नानांचे उलट तिखट झाले होते. कुणी दुसऱ्याच्या नावावर ओ दिली, तर न बघताच म्हणायचे, "तू नही."

मेलेल्यांची नावं ते खोडत नसत. घरचं कुणी येऊन सांगेपर्यंत नाव तसंच राहायचं. ते पुकारलंही जायचं, आणि पुकारल्यावर नाना जिवंत माणसासाठी थांबावं तितकंच थांबायचे. तेवढा वेळ मैदानात कुणी हलायचं नाही, हातातली बिडी हातातच राहायची. मी युनियनचा वकील, जळगावात नुकतीच सनद घेऊन बसलेला. मला हा प्रकार भलताच अशुभ वाटायचा. एकदा तसं बोललो, तर नाना म्हणाले, "ईचाराले काय लागस, भाऊ?"

मग अध्यक्षपदाची निवडणूक आली. एकीकडे गावातले डॉक्टर, दुसरीकडे साच्यावर काम करणारे आबा. आबा पडले तर मालक त्यांना फाटकाबाहेर काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांची माणसं पंपाजवळ उभी राहिली, आबांची निंबाखाली. नाव पुकारलं की ज्याने त्याने आपल्या जागेवरून "शे" म्हणायचं आणि आवाज जिकडून येईल तिकडे नानांनी मत मांडायचं, अशी रीत. आबा एका मताने आले. आठवडा उलटायच्या आत डॉक्टरांनी कोर्टात दावा लावला. निंबाखालचं एक मत म्हणे भिका तुकारामचं होतं, आणि भिका तुकाराम तर दिवाळीतच छातीच्या दुखण्याने खोकून खोकून गेला होता.

मी नानांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "आवाज त्यानाच व्हता." मी कपाळावर हात मारून घेतला. मग एक तोड काढली, तिची आजही लाज वाटते. रजिस्टरात खालच्याच ओळीत भिका महादू होता. त्या दिवशी तो गावी गेलेला, पण "मीच बोललो" अशी शपथ घ्यायला एका पायावर तयार. नानांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की खूण चुकून वरच्या ओळीत पडली. आठ दिवस मी त्यांच्यामागे भुणभुण लावली. आबांची नोकरी, आबांची पोरंबाळं, सगळं सगळं काढलं. नाना निमूट ऐकायचे, रजिस्टर काखेत मारायचे आणि चालू लागायचे.

दावा चालवणारे मुनसफ कोकणातले. त्यांना "शे" चा अर्थ समजावून सांगावा लागला. आवाज भिका तुकारामचाच होता, असंच नानांनी शपथेवर सांगितलं आणि कोर्टात हशा पिकला. समोरच्या वकिलाने साळसूदपणे विचारलं, मग भिका तुकारामालाच साक्षीला बोलवू या का? मुनसफ वैतागून म्हणाले, ते पान मैदानात वाचलं तसं इथे वाचा. चैत्रातली भर दुपार होती. आत आम्ही वकील, कारकून आणि डॉक्टरांची माणसं. आबांची माणसं सगळी व्हरांड्यात. नाना वाचू लागले, तशी बाहेरून एकेक ओ येऊ लागली.

भिका तुकाराम, नानांनी पुकारलं, आणि थांबले.

"शे."

हा आवाज बाहेरून आला नाही. तो आमच्या खोलीतून आला. नानांच्या ओठांकडेच माझं लक्ष होतं. ते मिटलेले होते. मुनसफांनी कोण बोललं म्हणून तीनदा विचारलं आणि मग चष्मा काढून पुसत बसले. नानांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

निकालपत्रात त्या आवाजाबद्दल अक्षर नव्हतं. मयताचं मत बाद, दोन्ही बाजू सारख्या, निवडणूक रद्द. नानांकडून रजिस्टर काढून घेतलं. महिनाभरात आबा गिरणीबाहेर झाले. त्यांच्या माणसांनी नानांशी बोलणं टाकलं. मीही टाकलं, फार राग आला होता मला.

पुढे एके दिवशी पाचोऱ्याकडून एक बाई माझ्या कचेरीत आली. भिका तुकारामची बायको. तिला नानांचं घर हवं होतं. मयत नवऱ्याचं नाव कोर्टात ओढलं म्हणून ही आता भांडणार, असं धरून मी नाइलाजाने तिला घेऊन गेलो. ती ओट्यावर टेकली, पदर सारखा केला आणि अगदी हळू विचारलं,

"नाना, बोलतांना त्यासले खोकला व्हता का?"



"नही, माय," नाना म्हणाले. "आवाज साफ व्हता."

बाई रडली. बराच वेळ, अगदी मोकळी होऊन रडली. मी खाली पायरीवर बसून राहिलो. हाच आवाज नानांनी ऐकलाच नाही असं त्यांच्याकडून वदवून घ्यायला मी आठ दिवस झटलो होतो.