सगळ्या तक्रारी काकांच्या नावावर

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द कळायला आधी काकांचा रुमाल कळायला हवा.

काका म्हणजे आमचे सेक्रेटरी. वय सत्तरीच्या पुढे, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः विमा कंपनीतून निवृत्त. नाहूरला आमची दोन विंगांची सोसायटी उभी राहिली तेव्हापासून सेक्रेटरी तेच, कारण हे पद दुसऱ्या कोणालाच नको होतं. सकाळी ते पंपाच्या खोलीपाशी उभे राहत. कोणी येऊन म्हणे, "काका, आमच्या बाथरूममध्ये वरून गळतंय." काका खिशातून रुमाल काढून त्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारत. दुसऱ्या कोणाचं पाणी येत नसे, दुसरा कोपरा. काम झालं की गाठ सुटे. रुमालाला कोपरे चार, त्यामुळे पाचवा तक्रारदार आला की काका सांगत, "आज हाऊसफुल. उद्या ये."

या पद्धतीत एक मोठा दोष होता. काकू रुमाल धुवायला घेत तेव्हा सगळ्या गाठी सोडत. एकदा अशीच चेअरमनांची लिफ्टची तक्रार साबणाच्या पाण्यात गेली आणि त्यांना आठवडाभर सहा मजले चढावे लागले. कमिटीच्या बैठकीत ते फार संतापले होते.

त्या बैठकीत मी बोललो. मी कधी बोलत नाही. अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लिहून ठेवायच्या हेच काम, त्यामुळे तोंड उघडायची वेळ येत नाही. मी म्हणालो, "आमच्याकडे यासाठी बग ट्रॅकिंग सिस्टिम असते. तक्रार टाकली की तिला नंबर पडतो, ती कोणाकडे आहे ते दिसतं, मिटेपर्यंत ती हरवत नाही. आणि फुकट मिळते."

सभासदांनी 'फुकट' हा शब्द तेवढा ऐकला आणि ठराव मंजूर झाला.

एका रविवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात, कॅरम बोर्ड बाजूला सरकवून, मी जुन्या कॉम्प्युटरवर ती सिस्टिम टाकायला बसलो. काका चहा घेऊन शेजारी बसले. आपल्या कारकिर्दीत काहीतरी बसवलं जातंय म्हटल्यावर त्यांना सगळं समजून घ्यायचं होतं.

"सर्व्हर म्हणजे काय रे?"

"जो सतत चालू राहतो आणि सगळ्यांना उत्तर देतो."

"म्हणजे वॉचमन."

"वॉचमन झोपतो, काका."

"मगे पंप. आणि तो डेटाबेस?"

"तक्रारी साठतात ती टाकी."

"टाकी साफ कोण करतलो?"

यावर मी नुसता हसलो. मग त्यांना वेब-बेस्ड म्हणजे काय ते सांगितलं: प्रत्येकाने घरातल्या घरात मोबाईलवर पान उघडायचं, लॉगिन करायचं, तक्रार टाकायची, खाली उतरायची गरजच नाही.

"म्हणजे जिन्यात माका कोण भेटतलाच नाय?"

"नाही भेटणार."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, सुटका झाली म्हणून बरं वाटलं असेल.

पुढे विभाग करायचे होते. पाणी, लिफ्ट, गळती, पार्किंग आणि इतर. प्रत्येक विभागापुढे एक रकाना होता, डिफॉल्ट असायनी. तक्रार कोणाकडे जावी हे टाकणाऱ्याने सांगितलं नाही, तर ती ज्याच्या गळ्यात पडते तो माणूस. रकाना रिकामा ठेवून पान पुढे सरकेना. तेव्हा सिस्टिमला दोनच माणसं ठाऊक होती: मी, म्हणजे अ‍ॅडमिन, आणि नमुन्यादाखल उघडलेलं काकांचं खातं. मी पाचही ठिकाणी काकांचं नाव घातलं.

काकांनी चष्मा सरसावला. "माझा नाव कित्याक घातलंस रे?"

"फॉर्मॅलिटी आहे, काका. नंतर बदलतो."

खात्याला ई-मेल लागतो. काकांचा नव्हता. मी त्यांच्या नावाने एक उघडला, पासवर्ड मीच ठेवला, आणि तो त्यांना सांगायचा राहिला. नंतर बदलायचंही राहिलं. इथपर्यंत ती निव्वळ चूक होती. इथपर्यंत मी स्वतःला माफ केलं आहे.

सिस्टिम झकास चालली. लोकांना ती फार आवडली. सिव्हिअरिटी म्हणजे तक्रार किती गंभीर, यात पाच पायऱ्या होत्या. सगळ्यांनी सगळ्यात वरची, ब्लॉकर, धरली. वरच्या घरातला मिक्सर, ब्लॉकर. जिन्यात कोणाच्या तरी चपला, ब्लॉकर. 'दोष पुन्हा कसा दिसेल, क्रमाने लिहा' हा रकाना काढायला मी विसरलो होतो. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकांनी लिहिलं: 'एक, सकाळी सहाला उठा. दोन, आमच्या मोरीत या. तीन, नळ सोडा. अपेक्षित: पाणी. प्रत्यक्षात: फुस्स.' माझ्या ऑफिसात इतका नेटका बग रिपोर्ट मी पाहिलेला नाही.

कबुतरांच्या दोन तक्रारी आल्या तेव्हा मी दुसरी 'ड्युप्लिकेट' म्हणून बंद केली. त्या बाईंनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"तुम्ही माझी तक्रार बंद केली?"

"अहो, तीच तक्रार पाचव्या मजल्यावरून आधीच आली आहे."

"त्यांचं कबूतर वेगळं. आमच्याकडे अंडी घातलीयेत."

मी ती पुन्हा उघडली. उघडून कोणाकडे गेली, तर डिफॉल्ट असायनीकडे.

तेव्हाच मला दिसलं की सगळं तिकडेच चाललंय. असायनी निवडायचा रकाना कोणी उघडतच नव्हतं. गळती, लिफ्ट, कबुतरं, सगळं काकांच्या नावावर, आणि मेल त्या पेटीत, जिची किल्ली माझ्याकडे. इतरांना फक्त रिपोर्टरचे अधिकार होते, म्हणजे आपापली तक्रार दिसे, दुसऱ्याची नाही. पूर्ण ढीग दिसणारा माणूस मी एकटा.

आणि काका खुशीत. सकाळी पंपापाशी उभे राहत, कोणी थांबत नसे. एकदा मला रुमाल उलगडून दाखवला. इस्त्री केलेला, चारही कोपरे सपाट.

"बघ. महिना झालो, एक गाठ नाय. सोसायटी सुधारली रे. तुझ्या मशिनान लोकांका शिस्त लागली."

मी म्हणालो, "हो, काका."

का नाही बदललं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काम दोन मिनिटांचं होतं. पण काकांचं नाव काढलं तर तिथे दुसरं घालावं लागणार, आणि घालण्याजोगं दुसरं नाव एकच होतं. मग गळती माझी, कबुतरं माझी, शिक्षिकाबाईंच्या मोरीत सकाळी सहाला मी. ऑफिसात मी चुका लिहून दुसऱ्याकडे पाठवतो. त्या कोणी माझ्याकडे पाठवाव्यात याची मला सवय नाही. मी पान बंद केलं आणि जेवायला बसलो.

वार्षिक सभा गच्चीवर भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसा, वेफर, आणि सिस्टिमचा आढावा घ्यायचा म्हणून चेअरमनांच्या जावयाचा प्रोजेक्टर. चेअरमन म्हणाले, "कोणाकडे किती तक्रारी पडून आहेत ते दाखव जरा." मी बटण दाबलं. आलेखात निरनिराळे खांब यायला हवेत, तर एकच आला, पडद्याच्या वरपर्यंत. खाली काकांचं नाव.

मागून कोणीतरी म्हणालं, "हा टॉवर कधी पास झाला?" सगळे हसले. मग चेअरमन हसायचे थांबले.

"म्हणजे सिस्टिम आल्यापासून एकही काम झालं नाही? सेक्रेटरी काय करत होते?"

शिक्षिकाबाई चांगल्या मनाच्या. त्या मला म्हणाल्या, "थांबा. हे सगळं यांच्याच नावावर कसं? कोणी टाकलं?"

हाच तो प्रश्न. मी म्हणालो, "सिस्टिमने."

आणि कोणी पुढे विचारू नये म्हणून जोडलं, "ते ऑटोमॅटिक असतं."

काका उठून उभे राहिले. त्यांनी त्या रविवारी स्क्रीनवर आपलं नाव पाहिलं होतं, 'कित्याक' म्हणून विचारलंही होतं. मला वाटलं, आता ते बोट दाखवणार. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चारही कोपरे एकेक करून चाचपले, आणि म्हणाले, "एवढी माणसा अडचणीत होती आणि माका एक दिसली नाय. चूक माझीच. दुसऱ्या कोणाक तरी करा." आणि बसले. कोणीतरी त्यांच्या हातात समोशाची बशी दिली. ती त्यांनी शेवटपर्यंत तशीच धरून ठेवली.

दुसरं कोणी म्हणजे मी. सिस्टिम कळणारा माणूस म्हणून एकमताने. टाळ्याही झाल्या.

दुसऱ्या सकाळी काका दारात. हातात मोबाईल. "तो मेल माझ्या फोनात घालून दी. जेवढा माझ्या नावावर पडला तेवढा मी निपटतंय." मी नाही म्हणू शकलो नाही. पासवर्ड टाकला, मेल धबाधब पडायला लागले. काका खुर्चीवर बसून एकेक वाचत होते आणि मी चहा करायच्या निमित्ताने आत गेलो.

तेव्हापासून ते कामं करत सुटले. प्लंबरला गाठलं, लिफ्टवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसले, कबुतरांसाठी जाळी लावून घेतली. गुडघे धरून जिना चढायचे. आणि इमारतीत काय चर्चा? नवीन सेक्रेटरी आल्यापासून कामं होतात. भाजीवाल्यापाशी लोक मला थांबवून सांगायचे. मी मान खाली घालायचो. लोक म्हणायचे, किती विनम्र आहे.

काकांची मुलगी कांदिवलीला असते. ती त्यांना कधीची बोलवत होती, दोघांनी येऊन महिनाभर राहा म्हणून. काकूंनी बॅग भरूनही ठेवली होती. मी म्हणालो, "जा ना काका, आता तुम्ही मोकळे आहात."

"आधी ही टाकी रिकामी करतंय, मगे जातंय."

टाकी रिकामी होत नव्हती. होणार कशी? काकांनी एक तक्रार मिटवली की नवी यायची, कारण पाचही रकान्यांत अजून त्यांचंच नाव होतं.

"काका, नव्या तुम्ही कशाला करता? सेक्रेटरी मी आहे."

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "हय बघ. नाव कोणाचा?"

गेल्या रविवारी काकू मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बॅगेतले कपडे परत काढले रे. लेकीकडे जाणा काय, आमका घरातच बरा." त्या हसत होत्या. मी वर गेलो आणि पाचही ठिकाणी माझं नाव घातलं. खरंच दोन मिनिटं लागली.

तीन-चार दिवसांनी काका पंपापाशी दिसले, हातात गप्प मोबाईल. "मेल येणा बंद झाला. सोसायटी पुन्हा सुधारली काय रे?"

मी पुन्हा म्हणालो, "हो, काका."

काल ते कांदिवलीला गेले. जाताना आपली चूक भरून काढल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. ती चूक त्यांची नव्हती. महिन्याभराने ते परत येतील, तेव्हा सभा बोलवायचा अधिकार सेक्रेटरी म्हणून मलाच आहे. त्या गच्चीवर, त्याच लोकांसमोर, काकांचं मी एवढं देणं लागतो: ते नाव मी घातलं, पेटीची किल्ली माझ्याकडे होती, ढीग मला दिसत होता, आणि तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी बसून राहिलो. हे मी अजून दिलेलं नाही.