रॅमचा कौल

कट्टा गावात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा नारळ शेजारच्या काकांनी फोडला, कारण वडील तेव्हा नव्हते आणि काका त्यांचे सगळ्यात जवळचे दोस्त. घरात काही ठरवायचं झालं की आई अजूनही म्हणते, "काकांका इचार."

काकांचा संगणक फार मंद झाला म्हणून मी त्यात रॅमची आणखी एक पट्टी बसवली. पुढे धूळ काढायला तो दुकानात आणला आणि साफ करून परत दिला. मग त्यांच्या मुंबईच्या मुलाने फोनवर सांगून त्यांच्याकडून एक फुकट प्रोग्रॅम घालून घेतला. मशीनच्या पोटात काय काय आहे ते तो सांगतो म्हणे.

काकांनी मला बोलावून पडदा दाखवला. "ह्या बघ. एक पट्टी आसा, दुसरी जागा रिकामी. माझी पट्टी खंय गेली रे?"

असले प्रोग्रॅम मदरबोर्डला विचारतात आणि तो सांगेल ते खरं धरतात. काकांचा जुना मदरबोर्ड भरलेली दुसरी जागा रिकामीच सांगत होता. मी विंडोजच्या पानावर दोन्ही पट्ट्यांचे मिळून आठ जीबी दाखवले. झाकण काढून दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवलं. काका चष्मा पुसत म्हणाले, "एकाच मशीनीक दोन तोंडा. आणि आत काय लावतंस, ता तूच जाणा."

त्यांनी चोर हा शब्द काढला नाही, पण मला तो ऐकू आला. दुकान बंद पडलं असतं तर दुसरं काहीतरी केलं असतं. पण या माणसाने मला चोर समजावं, हे सहन होण्यासारखं नव्हतं. राग यायला हवा होता. आला नाही. मी स्क्रू घट्ट केले आणि घरी येऊन जेवलो. जेवण कसलं होतं ते आठवत नाही.

आपल्याकडे वाद मिटेना की देवाला कौल लावतात. काकांनीच तसं सुचवलं. आई म्हणाली, "कर नाय तेका डर कसली?" मला डर नव्हतीच. मला काहीच नव्हतं.

देवळात गुरवाने देवाच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान मशीनीतली पट्टी काढूक नसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयीने मीही म्हणालो. मशीनीतली पट्टी म्हणजे काय, हे गुरवाला ठाऊक नव्हतं. देवाला असेल.

मग आम्ही वाट बघत बसलो. कोणीतरी यंदाच्या काजूबद्दल बोलू लागलं. पाकळी डावीकडची पडली तर काय करायचं, याचा विचार करून बघितला, पण तो पुढे सरकेना. उजवीकडची पडली. आईने डोळे पुसले. मी पाकळीकडे बघत राहिलो, दुसऱ्याच कोणाचं तरी काम झालं असावं तसा.

बाहेर येताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वडील गेले त्या दिवशी ठेवला होता तसाच, जड. "देवान सांगल्यान, तू काय घेवक नाय. आता माझ्या मनात काय एक नाय. उद्या जेवक ये."

"मी पण ताच सांगत होतंय, काका."

"होय रे," ते अगदी मायेने म्हणाले, "पण ता तू सांगत होतंस."