शिलालेखातली झाडलोटीची पाळी

संग्रहालयाच्या तीन नंबरच्या दालनात मावशी बावीस वर्षं झाडू मारत होत्या. तिथल्या कोपऱ्यात कमरेएवढा काळा दगड उभा होता, अंगभर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं मिरवत. त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नसे. मावशींचा मात्र त्याच्यावर जीव, कारण जुनी लिपी वाचणाऱ्या म्हाताऱ्या साहेबांनी निवृत्त होताना त्यांना अर्थ सांगितला होता. गावच्या विहिरीच्या पायऱ्या कुणी कोणत्या दिवशी झाडायच्या, त्याची ती यादी. शेवटच्या ओळीत दम भरलेला: 'जो पाळी चुकवील, तो आठ दिवस एकटा झाडील.'

"म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कामचुकार होतेच," मावशींनी घरी नवऱ्याला सांगितलं, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.

मग निवडणूक आली. एका पुढाऱ्याची भाषणं लिहिणाऱ्याला दगडाचा फोटो सापडला आणि बघता बघता ती शेवटची ओळ, कुणालाच वाचता येत नसली तरी, बसवर, टोप्यांवर, पोरांच्या दंडांवर झळकू लागली. पूर्वजांची स्वातंत्र्याची गर्जना म्हणे! विरोधक म्हणाले, गर्जना खरी, पण पूर्वज आमचे. भाजीवाल्याच्या दुकानात यावरून दोघांची जुंपली, तेव्हा टोमॅटो निवडता निवडता मावशींना असा ठसका लागला की भाजीवाल्यानं पाणी दिलं.

पुढारी दर्शनाला येणार ठरल्यावर संचालकांनी मावशींना बजावलं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला उघडू? लिहिलंय की दगडावर."

पुढारी पन्नास माणसं घेऊन आले. भाषण झालं, घोषणा झाल्या, खाणंपिणं झालं. दालनभर कागदी ताटल्या, शेंगांची टरफलं, बाटल्या. मावशी झाडू घेऊन दाराशी उभ्या. फोटोसाठी पुढारी त्यांच्याजवळ येऊन वाकले.

"मावशी, ही ओळ पाहून अंगावर काटा येत असेल, नाही?"

"रोज येतो, साहेब. एक पाळी चुकली तर आठ दिवस एकट्यानं झाडायचं, म्हणजे काय चेष्टा आहे?"

पुढाऱ्यांनी संचालकांकडे पाहिलं. संचालक पुटपुटले, "अर्थ... साधारण तसाच आहे, साहेब."

पुढारी म्हणजे तीस वर्षं राजकारणात मुरलेला माणूस. त्यांनी आधी कचरा पाहिला, मग कॅमेरे पाहिले, आणि हात पुढे केला. "आणा तो झाडू! पूर्वजांचा आदेश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी झाडू लागले, पण स्वच्छ भागाकडे. मावशींना राहवेना. "साहेब, कचरा दाराकडे न्यायचा. आणि जरा वाका, पाठ मोडत नाही." कार्यकर्ते टरफलं वेचायला एकमेकांना ढकलू लागले. ते गेल्यावर मावशींना सगळं पुन्हा झाडावं लागलं, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर पुढारी आणि झाडू. मावशींचं फक्त कोपर आलं होतं. नवऱ्यानं चष्मा पुसून पुसून पाहिलं. "तुझंच आहे. कुठंही ओळखेन." आणि तो अंक घेऊन शेजारी दाखवायला गेला.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. गुरुवारी विरोधक येणार होते, स्वतःचे झाडू घेऊन.

"किती जण?" मावशींनी विचारलं.

"शंभर तरी."

"मग वरचा मजलाही उघडा," मावशी म्हणाल्या. "तिथं कोळ्यांची जाळी फार झालीत."